एलर्टचं विरजण

लाकडी कड्यावर वाळवलेलं, तपकिरी,
नखानं खरवडलं की भुगा पडतो असं यीस्ट
एलर्टनं आणून दिलं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
त्या पानावर मेंढ्यांचे भाव होते, सतरा वर्षांपूर्वीचे.
"तुझं मेलंय म्हणे," एवढंच बोलला.
या फ्योर्डच्या काठावर ते कुणी विकत घेत नाही.
ज्याचं मरतं तो शेजारी जातो.
उद्या त्याचं मेलं, तर मी आहेच.

विरजण पडलं म्हणतात, बेत फसला की.
इथे ते पडल्याशिवाय बेतच होत नाही.

चिमूटभर सोडलं गोडसर कोमट पाण्यात.
तासाभरात स्वयंपाकघरात कुणीतरी संत्रं सोललं.
मग जर्दाळू. मग खूप मागून, थोडासा मध.
आता या एवढ्या फळाला
कुठली बिअर द्यायची?

पहिली केली काळी. मला काळीच आवडते,
करपलेल्या पावाच्या कडेसारखी.
रात्रभर दोघं एका खोलीत भांडत राहिले,
कुणी कुणाला झोपू देईना.
बावीस लिटर. बरीचशी मटणात शिजवून संपवली.

मग पिल्सनर, तळघराच्या गारठ्यात.
यीस्ट रुसून तळाशी बसलं.
अंगात ताप असल्याशिवाय
कामाला न लागणाऱ्यांपैकी आहे ते.

बर्गनहून भाचा आला, हॉवर. म्हणाला,
"मावशी, हॉप्स घाल, आंब्याच्या वासाचे, भरपूर."
घातले.
लग्नात सगळ्यांनीच भाषणं करावीत
आणि नवरीचं नावच कुणाला कळू नये, तसं झालं.
हॉवरला आवडली. तीन क्रेट घेऊन गेला.

गव्हाची करावी म्हणत होते.
तेवढ्यात एलर्टचा फोन.
नाक गेलं, म्हणाला. हिवाळ्यातल्या त्या आजारानं.
कॉफी म्हणजे गरम पाणी.
धूर म्हणजे डोळे चुरचुरणं, बाकी काही नाही.
"चव कळते. म्हणजे खारट कळतं. कडू कळतं.
उरलेलं सगळं पुठ्ठा."

टेबलाशी बसले, पेन्सिल घेऊन.
फळांच्या वासाचं यीस्ट,
आणि ज्याच्या घरचं ते, त्याच्यापर्यंत फळ पोचत नाही.
वाहीवर लिहिलं: ऊब. फेस. गोड. कडू.
पुढे काही सुचेना म्हणून खाली
गायीच्या लसीची तारीख लिहिली.

शेवटी फिकट ठरवली.
जुनिपरच्या फांद्या उकळलेलं पाणी, साधं माल्ट,
हॉप्स मूठभर, तेही नाइलाजानं.
धुऊन पुसून मोकळी केलेली खोली,
आत एकच खुर्ची.
त्याच्यासाठी नाही केलं हे. यीस्टसाठी केलं.
त्याच्यासाठी काय करायचं ते ठाऊकच नव्हतं.

तो आला, उलट्या बादलीवर बसला.
यीस्ट टाकताना ओरडायची रीत आहे आमच्याकडे,
जितका मोठा आवाज तितकी जोमदार बिअर.
मी घसा साफ करत होते
तोवर तोच ओरडला.
पलीकडच्या उतारावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

चार तासांनी पिंपाच्या झाकणाला कान लावला त्यानं.
बराच वेळ. कॅप काढून.
"तेच आहे."
कशावरून?
"आई जिना चढायची तेव्हा असंच वाजायचं.
दोन हलक्या पायऱ्या, तिसरी जड."

मीही कान लावला. मला नुसतं बुडबुड ऐकू आलं.

"संत्रं आहे अजून?"
आहे.
"किती?"

किती ते कसं सांगणार?
मी हाताची मूठ वळली, त्याच्यापुढे धरली.
एवढं.

त्यानं मुठीकडे पाहिलं,
माझी बोटं जराशी उघडून पाहिली,
जणू आत खरंच काही असावं.
"जास्त आहे," म्हणाला.
"चिमूट लहान घेतलीस."

लहानच घेतली होती.